अण्णा म्हणू नकोस

रघुनंदनरावांची षष्ट्यब्दी झाली ते साल दोन हजार बावीस. त्या समारंभाला बंगळुरातल्या बनशंकरीच्या घरात इतकी माणसं लोटली, की दिवाळीला त्यांनी हात जोडले. "यंदा फराळ नको, पाहुणे नकोत. समुद्रावर जाऊ," म्हणाले. होन्नावरच्या पुढे, सुरूच्या बनात, एक कौलारू कॉटेज चार दिवसांसाठी ठरवलं. बरोबर पत्नी अनुसूयाबाई आणि एकुलती लेक संहिता.

गाडीतून उतरून संहिता पुढे गेली, तर पायरीवर एक उंच तरुण आडवा उभा. हातात झाडू. तिला वाटलं, राखणदारच.

"अण्णा, स्वल्प जागा सोडा," ती म्हणाली.

पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी माणसाच्या तोंडात अण्णा, म्हणजे थोरला भाऊ, हा शब्द मिठासारखा असतो. रिक्षावाला अण्णा, चिकपेटेतला कापडवाला अण्णा, बँकेतला साहेबसुद्धा अण्णा. बोलणाऱ्याला तो जाणवतही नाही.

त्या तरुणाला मात्र जाणवला. "राखणदार मी नव्हे," तो हसत म्हणाला. "आणि अण्णाही नाही... म्हणजे आहे, खरं तुमचा नाही." मूळचा निपाणीकडचा होता तो, 'पण' म्हणायच्या जागी तिकडे 'खरं' म्हणतात.

"मग झाडू कशाला घेतलाय?"

"आईला पायाखाली वाळू चालत नाही. समुद्र बघायला आलीय, आणि वाळू नको म्हणते!"

संहिता हसली. तो झाडू हातात धरून बघतच राहिला.

खरा राखणदार, गिरीराज, मागून धावत आला तेव्हा घोळ कळला. त्यानं एकच घर दोघांना देऊन ठेवलं होतं. "दोन खोल्या आहेत, दोन घरची माणसं आहेत. सरी?" असं म्हणून तो मोकळा झाला. कुणालाच ते सरी, म्हणजे ठीक, वाटलं नाही. पण दिवाळीत दुसरी जागा कुठली मिळायला?

दुसरं कुटुंब बंगळुरातल्याच हेब्बाळचं. बसवंतराव, कस्तुराबाई आणि झाडूवाला अजिंक्य. अनुसूयाबाईंना धास्ती पडली ती स्वयंपाकघराची. समुद्रकाठ म्हणजे मासळी आलीच. कस्तुराबाईंनी ती धास्ती आधीच ओळखली. "वहिनी, आधी तुमचं होऊ दे. आमची चूल मागनं. आणि मासळीचं नावसुद्धा काढणार नाही, तुमच्या गळ्याची आण." दिवेलागणीला दोघी एकाच विळीवर आळीपाळीनं नारळ खवत होत्या.

रात्री ओसरीवर बसवंतरावांनी रघुनंदनरावांना खालच्या आवाजात सांगितलं, "हिच्या पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी हात टेकले. जन्मात समुद्र बघितला नव्हता तिनं, म्हणून आणलं." पुढे म्हणाले, "एक पोरगीही होती आम्हाला. रंजिता. डेंगीनं गेली. तेव्हापासून ही आतून पोखरली गेलीय."

दारामागे उभ्या संहितेनं ते ऐकलं. सकाळी तिनं आपणहून कस्तुराबाईंची वेणी घातली आणि बाहेर हाक मारली, "अण्णा, तेलाची बाटली द्या हो." कस्तुराबाईंनी डोळे मिटून घेतले. "कान निवले गं पोरी. या घरात त्याला अशी हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं."

त्या क्षणापासून तो शब्द संहितेच्या तोंडी बसला. आणि खरं सांगायचं तर सोयीचाही झाला. अण्णा म्हटलं की अनुसूयाबाई निर्धास्त. अण्णाबरोबर किनाऱ्यावर जाते, जाऊ दे. अण्णा शहाळं आणून देतोय, देऊ दे. त्या शब्दाच्या आडोशाला दोघं बसली आणि आडोशातच जे उगवायचं ते उगवलं... पायाशी फेस आला की तिनं त्याची बाही पकडायची, त्यानं तिच्या केसातली वाळू झटकायची आणि हात उगीच रेंगाळायचा.

तिसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं, तेही मावळतीला. अनुसूयाबाईंनी दूधदह्यावर दर्भ ठेवले, खिडक्या लावल्या आणि जपाला बसल्या. रघुनंदनराव त्यांच्या शेजारी. कस्तुराबाईंना बसवंतरावांनी पांघरूण घालून निजवलं. साऱ्या किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. सुरूच्या बनातून संहिता हळूच बाहेर आली. अजिंक्य आधीच तिथं होता.

"ग्रहणात बाहेर पडलीस? आई काय म्हणेल?"

"आईचे डोळे मिटलेत. वर बघू नका हं... अण्णा."

"ते अण्णा म्हणू नकोस."

"का? अक्का म्हणू?"

"अजिंक्य म्हण. एकदा म्हण, मग समुद्रात ढकल मला."

उजेड राखेसारखा झाला होता. वारा पडला होता. "अजिंक्य," ती म्हणाली, आणि आपल्याच आवाजाला दचकली.

त्यानं तिचा हात हातात घेतला. घामेजलेला होता, तिचा की त्याचा, कळेना. "उद्या सकाळी आईला सांगतो. आधी आईला. मग तुझ्या बाबांना."

"काय सांगशील?"

"की या पोरीला अण्णा म्हणायची बंदी घाला."

"चेष्टा नको. त्यांना धक्का बसला तर? त्यांनी मला लेक मानलंय."

"लेक मानलंय, मग सूनही मानेल. माझ्या आईला मी ओळखतो." एवढं ठामपणे तो म्हणाला की संहितेनं विश्वास ठेवला. ग्रहण लागलेलाच सूर्य पाण्यात बुडाला. दोघं आंघोळी करून जेवली, आपापल्या खोलीत गेली. त्या रात्री ती सुखी होती.

दुसरा दिवस भाऊबीजेचा.

संहिता उठून बाहेर आली तर ओसरीवर पाट मांडलेला. भोवती तांदळाच्या पिठाची रांगोळी, रेषा थरथरलेल्या. कस्तुराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, दम लागलेल्या. पुढ्यात तबक — निरांजन, सुपारी, अक्षता, कुंकू.

"रंजिता गेल्यावर माझ्या पोराच्या कपाळाला भाऊबीजेचं कुंकू लागलं नाही," त्या म्हणाल्या. "तू पहिल्या पावलाला त्याला अण्णा म्हणालीस. तेव्हाच माझ्या मनानं घेतलं. ओवाळशील नव्हं?"

"ओवाळेल की! यात विचारायचं काय?" रघुनंदनराव म्हणाले. त्यांना स्वतःलाच भरून आलं होतं. अनुसूयाबाईंनी निरांजनाची वात सारखी केली.

संहितेनं अजिंक्यकडे बघितलं. तो उंबऱ्यात उभा होता. त्यानं बोलायचं होतं. तिनं नव्हे, त्यानं. तसंच ठरलं होतं.

"आई..." तो म्हणाला.

"काय रे बाळा?"

कस्तुराबाईंनी मान वर केली. त्यांच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या, इतका हात वाळला होता. तोंडावर मात्र लग्नघरातल्या बाईचं तेज. अजिंक्य त्यांच्याकडे बघत राहिला.

"काही नाही," तो म्हणाला. आणि पाटावर बसला.

संहितेनं तबक उचललं. कुंकू लावलं. अक्षता लावल्या. ओवाळलं. त्याची मान शेवटपर्यंत खाली होती. कस्तुराबाईंनी पदराची गाठ सोडून रंजिताचे मोत्याचे डूल तबकात टाकले. "माझ्या लेकीचे लेकीलाच," म्हणाल्या आणि रडल्या. सगळेच रडले. कोण कशासाठी रडतंय हे विचारायची वेळ कुणावर आली नाही.

सामान गाडीत भरताना त्यानं तिला विहिरीपाशी गाठलं.

"मी सांगणार होतो."

"सांगणार होतास ते ठाऊक आहे. बसलास तेही बघितलं."

"तिचं तोंड बघितलंस ना? माझी जीभच उचलेना, संहिता. थोडं थांबू. तिचे फार दिवस नाहीत... नंतर—"

"नंतर म्हणजे?" तिचा आवाज फाटला. "तुझ्या आईच्या मरणाची वाट बघत बसायचं आपण दोघांनी? उठून रोज मोजायचं, आज आहे का गेली?"

ती गाडीकडे वळली.

बंगळुरात आल्यावर कस्तुराबाईंचा फोन यायचा, "लेकी, कधी येतीस?" दर रविवारी संहिता बनशंकरीहून हेब्बाळला जाई. वेणी घाली, पेज भरवी. दार अजिंक्य उघडायचा. औषध कुठलं संपलं, झोप लागली का, एवढंच बोलणं. एकदा कस्तुराबाई त्याला तिच्यादेखत म्हणाल्या, "बहिणीसाठी चांगलं स्थळ बघ रे. बापावर सगळं टाकू नको." तो बरं म्हणाला. संहिता पेज ढवळत राहिली. पेज कधीच गार झाली होती.

संक्रांत झाल्यावर कस्तुराबाईंनी अंथरूण धरलं ते धरलंच. एका दुपारी संहितेचा हात छातीशी ओढून त्या म्हणाल्या, "मी गेल्यावर हे तुझं माहेर. येणं तोडू नको. दे वचन."

अजिंक्य दारातच उभा होता. संहितेनं त्याला वेळ दिला. पुष्कळ दिला. मग म्हणाली, "दिलं, आई."

तो तिच्यामागून फाटकापर्यंत आला. रिक्षा थांबलेली होती. रस्त्यावर हॉर्नचा कल्लोळ. त्यात त्यानं पहिल्यांदा ते सरळ म्हटलं, "माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"माझंही आहे," संहिता म्हणाली.

"मग?"

"हे वर, त्या खोलीत म्हणायचं होतं. रागावल्या असत्या, रडल्या असत्या... मी पाय धरले असते त्यांचे. आता मी शब्द देऊन आलेय. मरणाऱ्या माणसाला दिलेला."

"तिला काय कळणार आहे नंतर?"

"मला कळेल."

ती रिक्षात बसली. तो दांडा धरून उभा राहिला. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं, थोडा वेळ थांबला, मग हलकेच गाडी पुढे काढली. दांडा त्याच्या हातातून सुटला.

त्यानंतर कस्तुराबाईंनी आठवडाही काढला नाही. तेराव्याला पाहुण्यांनी विचारलं, ही कोण? बसवंतराव म्हणाले, "आमची लेक." अजिंक्य शेजारीच होता. त्यानं पाहुण्यांना पाणी दिलं.

कस्तुराबाई नऊ फेब्रुवारी दोन हजार तेवीस रोजी, गुरुवारी पहाटे, हेब्बाळच्या घरी वारल्या.