थेंब थांबला तर

बस अशी दिव्याजवळ. चहा पी, पण एक कान वॉर्डाकडे असू दे. खिडकीजवळच्या बाईला तू ड्रिप लावलंस ते मी बघितलं. छान लावलंस, पहिलाच दिवस, तरी हात थरथरला नाही. मग तू मला विचारलंस, की खाटेजवळचं ते लोखंडी स्टूल उचलू का, सारखं पायात येतंय. मी नको म्हणाले, आणि तू तोंड वाकडं केलंस. म्हणून सांगते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. बाळंतपणाच्या वॉर्डात घाबरायला सवड कुणाला असते?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी भर दुपारीही दिवे लावलेले होते. धुकं असं दाटलं होतं की खिडकीबाहेरचं झाडसुद्धा दिसेना. रस्त्यावरून गाडी गेली तरी आवाज लांबून, दबून यायचा. वॉर्डात एकच बाई होती, त्याच खाटेवर. पहिलटकरीण. दिवस उलटून गेलेले, पोटातलं पाणी कमी होत चाललेलं, म्हणून डॉक्टरबाईंनी ड्रिप लावून कळा आणायचं ठरवलं होतं. त्यात वावगं काहीच नाही. हे औषध मी किती बायकांना दिलंय त्याची गणती नाही. थेंबाथेंबाने द्यायचं, शेजारी बसायचं, पोटावर हात ठेवायचा, बाळाचे ठोके ऐकायचे. कळ यावी, ओसरावी, आणि मधे बाळाला दम खाता यावा. सगळी मेख त्या मधल्या वेळात आहे, बघ.

सोबत तिची थोरली बहीण होती. ही ताई म्हणजे आगाऊपणाचा कळस. प्रश्न धाकटीला विचारावा आणि उत्तर ताईने द्यावं. "दुखतंय का गं?" असं मी धाकटीला विचारलं, तर ताई म्हणाली, "फार नाही, थोडंसंच." जणू पोट हिचंच! नवरा बाहेरच्या बाकावर बसला होता, पायाशी भलीमोठी बॅग. त्याची जहाजावर नोकरी. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट सुटणार, आणि मग वर्षभर घराचं तोंड दिसणार नव्हतं. बिचारा दर थोड्या वेळाने दारातून डोकावायचा आणि मी डोळे वटारले की परत जायचा.

आमच्याकडे तेव्हा रीत अशी होती, की बाई आत येतानाच दारात सगळं विचारून घ्यायचं, घरचे सगळे भोवती उभे असताना. आजार आहे का, ऑपरेशन झालंय का, घरी काही औषध घेतलंय का. "छे छे, काही नाही," ताई म्हणाली. धाकटीने मान खाली घातली. लाजत असेल, असं सगळ्यांना वाटलं.

मी ड्रिप सुरू केलं, नळीवरचं छोटं चाक हळूच फिरवून थेंब बेताने सोडले, पोटाला मशीन लावून बाळाचे ठोके ऐकले. सगळं व्यवस्थित. मग टॉवेल आणायला कपाटाकडे गेले, दहा पावलांवर. परत येऊन बघते तर थेंब पडत नव्हता. चाक पार घट्ट बंद केलेलं.

"कुणी हात लावला?" मी विचारलं.

"कुणी नाही," अर्थातच ताई म्हणाली.

वॉर्डातल्या मावशी फरशी पुसत होत्या. मला वाटलं, त्यांचाच धक्का लागला असणार. मनातल्या मनात त्यांच्या नावाने बोटं मोडली. धाकटीच्या पोटावर हात ठेवला. कळ येत होती, जात होती. चाक पुन्हा उघडलं. तेवढ्यात तो वास आला. लाल साबणाचा, तो जुन्या दवाखान्यांत असायचा ना, नाकात झोंबणारा, तोच. आमच्याकडे तो बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी मावशींना विचारलं, फरशीला काय घातलंत? त्यांनी बादली पुढे केली. म्हणाल्या, "नुसतं पाणी आहे, सिस्टर."

आणि त्यांनी एकवार त्या स्टुलाकडे बघितलं.

मी वळले. थेंब पुन्हा थांबला होता. आणि धाकटीच्या पोटावरच्या हिरव्या चादरीवर एक ओला ठसा होता. पंजाचा. पाची बोटं स्पष्ट. कुणीतरी नुकतेच हात धुऊन आलं असावं आणि न पुसताच हात ठेवला असावा, तसा.

मी घाबरले. खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त राग आला. मला वाटलं, जे काही आहे त्याला हे बाळ जन्माला येऊ द्यायचं नाहीये. माझ्या वॉर्डात? मी चाकावर अंगठा ठेवला आणि ते उघडलं. अंगठा तिथेच ठेवून उभी राहिले. म्हटलं, आता बघू.

चाक माझ्या अंगठ्याखालून फिरलं. झटका नाही, जोर नाही. एखाद्या मोठ्या माणसाने लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी, तसं हळूच. थेंब नळीच्या तोंडाशी लोंबला आणि तिथेच राहिला.

वॉर्डात एकदम शांत झालं. मावशींचं फडकंही थांबलं. त्या शांततेत मला बाळाच्या ठोक्यांचं मशीन ऐकू आलं. इतका वेळ ते घोडा पळावा तसं वाजत होतं. आता ते मंदावत होतं. टक्... टक्...

मी त्या ओल्या ठशावरच हात ठेवला. पोट लाकडासारखं कडक. मी थांबले. आता सैल पडेल, आता पडेल... पडेना. ड्रिप तर बंद, मग ही कळ आणतंय कोण? धाकटीने पदराचा बोळा दातात धरला होता. आवाज बाहेर येऊ नये म्हणून.

तिने तो काढला आणि अगदी हळू म्हणाली, "सिस्टर... त्या बाई म्हणतात, ताईला बाहेर पाठव आणि मग सांग..."

"कुठल्या बाई?"

तिने डोळ्यांनीच दाखवलं. स्टूल रिकामं होतं.

"ताई, बाहेर जा," मी म्हणाले. ताईने तोंड उघडलं. "आत्ता! डॉक्टरबाईंना हाक मारा आणि बाहेरच थांबा." माझा आवाज कसा निघाला कोण जाणे, पण ती पळालीच.

धाकटीने माझं मनगट धरलं. "सकाळी एक गोळी घेतलीय. कळा येण्याची. ताईने ओळखीच्या दुकानातून आणली. लवकर सुटेन म्हणून... ह्यांना बाळ बघून जाता यावं म्हणून... कुणाला सांगू नकोस म्हणाली, नाहीतर घरी पाठवतील..."

आता तुला कळलं असेल. ती गोळी आम्हीही देतो. पण मोजून देतो, बाई बघून देतो, आणि तिच्यानंतर ड्रिप लावायचं तर मधे काही तास जाऊ देतो. इथे गोळी आतून ओढत होती आणि तिच्यावर मी ड्रिप सोडत होते. तिसऱ्यांदा ते चालू राहिलं असतं तर... जाऊ दे. तो विचार मी आजही पुरा करत नाही.

नळी काढून टाकली. तिला डाव्या कुशीवर वळवलं. डॉक्टरबाई धावत आल्या, एका वाक्यात सगळं समजल्या, गर्भाशय सैल पडायचं इंजेक्शन दिलं आणि मावशींना म्हणाल्या, ऑपरेशनची खोली उघडून ठेवा. मग वाट बघणं. माझा हात पोटावर, डोळे मशीनवर. टक्... टक्... मला देवाचं नावसुद्धा आठवेना.

आणि माझ्या हातावर एक हात आला. गार. ओला. हलकेच दाबला, जसं आपण शिकाऊ मुलीचा हात दाबतो, इथे बघ, घाई करू नकोस, म्हणून. मी वर बघितलं नाही. माझी छाती झाली नाही, असंच म्हण. पण खरं सांगू? तो हात होता तोवर मला एकटं वाटलं नाही.

मग तळहाताखाली काहीतरी सुटलं. कणीक मळता मळता मऊ पडते तसं पोट मऊ पडत गेलं. मशीनमधला घोडा आधी चालायला लागला, मग दुडक्या चालीने, आणि मग पळायला. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मी तर उघड उघड रडले.

ताई दाराबाहेर भिंतीला टेकून बसली होती. "मी तिचं भलंच बघत होते हो," एवढंच म्हणाली. डॉक्टरबाई तिच्या शेजारी बसल्या. "माहीत आहे. गोळी वाईट नाही आणि ड्रिपही वाईट नाही. पण आम्हाला सांगायला हवं होतं. आम्ही कुणाला घरी हाकलत नाही."

ड्रिप पुन्हा लावायची गरज पडली नाही. कळा आल्या त्या आपल्या चालीने, मधे उसंत घेत. दिवेलागणीला मुलगी झाली. असा टाहो फोडला की बाहेर बापाने बॅगेला अडखळून लोटांगण घातलं. मुलीला हातात घेतलं तेव्हा तो हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच माहीत.

"त्या बाईंना बोलवा ना," धाकटी म्हणाली. "त्यांना बाळ दाखवायचंय."

मी बाळाला पुसायला घेतलं. तिच्या इवल्याशा केसांना लाल साबणाचा वास येत होता.

नंतर मावशींना गाठलं. ती स्टुलावरची बाई कोण होती? त्या फडकं पिळत राहिल्या. "मला काय ठाऊक? मी इथे लागले तेव्हाही ते स्टूल तिथेच होतं. मला सांगितलं होतं, हलवू नकोस. मी हलवलं नाही."

तेव्हापासून मीही हलवत नाही. आणि दारात, चारचौघांत विचारायची ती रीत मात्र मोडली. घरच्यांना बाहेर घालवायचं, पोटावर हात ठेवायचा, आणि मग एकटीलाच विचारायचं, रागवणार नाही असं सांगून. डॉक्टरबाईंनी तसा नियमच केला. ती मुलगी आता शाळेत जाते, दर वाढदिवसाला ताई तिला घेऊन येते आणि गप्प बसून राहते. हो, गप्प! चमत्कार म्हणशील तर हाच.

अगं, हसतेस काय? कप खाली ठेव जरा. मला एक सांग, आत्ता हात कशाने धुतलेस? बेसिनवरच्या बाटलीतल्यानेच ना? त्याला तर लिंबाचा वास असतो...

मग हा कुठून येतोय?

चल, ऊठ. पळू नकोस, घाई करायची नाही. मी ड्रिपकडे बघते. ते बंदच असेल. तू खिडकीजवळच्या बाईच्या सासूबाईंना गोड बोलून बाहेर चहाला पाठव.