वाटीतला प्रोसेसर

"चालतंय ते चालू द्यायचं नाही, सगळ्याची चिरफाड करायची," भाऊजी माझ्या कानाशी पुटपुटले आणि उगाचच टेबलावरचा दिवा माझ्याकडे सरकवला.

चालतंय म्हणे! स्वयंपाकघरातल्या कपाटांचे आराखडे मी याच लॅपटॉपवर काढते. एक फळी फिरवायची म्हटली की माझा चहा होऊन कपही विसळून व्हायचा. "ताई, शुक्रवारी आराखडा नाही आला तर मी दुसरीकडे बघतो," सुताराने सांगून टाकलं होतं. दुकानदार तर हसलाच. "काकू, असले लॅपटॉप भंगारात देतात." मग मीच शिकले. वाचून, बघून, चुकून. याच खोबणीत बसेल असा, पण दमदार प्रोसेसर मागवला.

लॅपटॉप मूळचा यांचा. हे गेल्यावर माझ्याकडे आला. तेव्हापासून घरातल्या दोघांना त्याचं भलतंच कौतुक. दुपारी सासूबाई त्यावर तळहात टेकून बसायच्या. "ऊब बरी वाटते गं." मी बंद करायला घेतला की भाऊजींना नेमकं त्यावर काहीतरी बघायचं असायचं. मी म्हटलं, म्हातारपण काय, दुःख काय, ऊब लागतेच.

मागचं झाकण काढलं. बॅटरी, पंखा, तांब्याची पट्टी. वाळलेली पेस्ट पुसली, खोबणीचा स्क्रू फिरवला आणि जुना प्रोसेसर अलगद उचलला. काडेपेटीहून लहान चौकोन, खाली केसासारख्या पिना. पिना वर करून वाटीत ठेवला. सासूबाई उठून आत गेल्या.

नवा बसला आणि लॅपटॉप पळायलाच लागला. फळी फिरव, दार फिरव, हूं की चूं नाही. संध्याकाळपर्यंत निम्मा आराखडा पुरा. फक्त अंगाला गार. दिवसभर राबूनही त्याचा पंखा एकदासुद्धा फिरला नाही.

आवराआवर करताना वाटीला हात लागला. कोमट. ऊन लागलं असेल म्हणून सावलीत ठेवली. जेवणानंतर पाहिलं, तरी कोमटच. ना तार, ना वीज. मी चिडून थर्मामीटर आणला. धडधाकट माणसाच्या अंगाला असतो तेवढाच पारा चढला. झटकून पुन्हा लावला. तेवढाच.

"भाऊजी, हे काय आहे?"

"थर्मामीटर बिघडलाय." ते भिंतीकडे बघत होते.

"मग हात लावून बघा."

"ठाऊक आहे मला, वहिनी," ते म्हणाले, आणि उठून गेले.

सकाळी वाटी रिकामी. सासूबाई खिडकीपाशी बसलेल्या, उजवी मूठ शालीखाली.

"मूठ उघडा."

उघडेनात. मी एकेक बोट सोडवलं. पिना तळहातात रुतल्या होत्या, कितीतरी आडव्या झाल्या होत्या.

माझं डोकंच फिरलं. "दोघांना माहीत होतं? आणि मी स्क्रू फिरवत होते तेव्हा एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही? चिरफाड म्हणे! बायको आहे मी! मला सांगायचं नाही?"

"तुला कळलं असेल असं वाटलं," सासूबाई म्हणाल्या. "दिवसभर तुझाच हात असायचा."

आणि मी दिवसभर म्हणत असायचे, हल की रे मेल्या.

मी सुई घेतली, भिंग घेतलं. भाऊजींनी लॅपटॉप पालथा केला, नवा प्रोसेसर काढायला लागले. तो निघाला की सुतारही गेला, हे तिघांनाही कळत होतं.

एक पिन उभी राहिली.

दुसरी.

तिसरी लवली, पण तुटली नाही.

माझ्या चिमटीतला चौकोन आता मघासारखा कोमट लागेना. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली.

"होईल, वहिनी. सावकाश करा."

"सावकाश नको," सासूबाई माझ्या खांद्याशी वाकल्या. "लवकर कर गं. माझं लेकरू गार पडतंय."