सिनेमातली माणसं बोलत नाहीत

"अरे, सिनेमातली माणसं बोलेनाशी झालीत," मामी फोनवर म्हणाली. "गाणी ऐकू येतात, घोड्यांच्या टापा येतात, दारं आपटतात. बोलत मात्र कुणीच नाही."

मी स्पीकर बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो. आमच्या धंद्यात ही तक्रार म्हणजे सर्दीपडसं. म्हटलं, "दुपारी येतो. चुटकीसरशी होईल."

आईला कळलं तशी तिने आपलंही काम गळ्यात घातलं. "आवाज दुरुस्त कर नाहीतर राहू दे. पण येताना मामीला घेऊन ये."

मामीला दिसत नाही. आठवड्यापूर्वी ती न्हाणीघरात घसरून पडली होती; थोडक्यात निभावलं. मामा गेल्यापासून ती एकटीच राहते, आणि आमच्याकडे ये म्हटलं की हवापाण्याच्या गप्पा सुरू करते.

मामा रंगाच्या कारखान्यात रंग जुळवायचे. मामीची नजर गेली तरी दोघांनी सिनेमे सोडले नव्हते. ती ऐकायची, मामा शेजारी बसून चित्र सांगायचे. "ती जिना उतरतेय. कोट तपकिरी... तपकिरी नाही, भाजक्या विटेसारखा." हे 'नाही' त्यांच्या तोंडी सारखं असायचं. आजारपणात त्यांनी घरातल्या सगळ्या डिस्क कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि टीव्हीला जोडायच्या एका लहानशा बॉक्समध्ये भरल्या. मामीला डिस्क बदलत बसायला नको म्हणून. त्यांचा सहा स्पीकरचा संच त्याच सुमारास जळाला. पुढे कितीतरी दिवस मामीने त्या बॉक्सला हात लावला नाही. परवा शेजारीणबाईंनी तो सरळ टीव्हीला जोडून दिला, आणि मग हे मुके सिनेमे.

मी पोचलो तेव्हा ऊन चांगलंच कडक होतं. मामीने दार उघडलं, "या, या" म्हणाली आणि भिंतीला हात लावत पुढे झाली. या, या? मला ती कायम 'ये' म्हणते. गंमत करत असेल म्हणून मी सोडून दिलं.

सिनेमा लावला. खरंच, पडद्यावर एक म्हातारा तावातावाने ओठ हलवत होता आणि ऐकू येत होता नुसता वारा. कारण सरळ होतं. अशा सिनेमाचा आवाज सहा वाटांनी येतो. पुढे डावी-उजवी, मागे दोन, एक धडधडीची आणि एक मधली. माणसांचं बोलणं बहुतेक सगळं मधल्या वाटेत असतं. टीव्हीला स्पीकर दोनच. बॉक्स सहा वाटा पाठवत होता, टीव्ही पुढच्या दोन घेऊन बाकीच्या टाकून देत होता.

"म्हणजे बोलणं सांडत होतं," मामी म्हणाली.

"अगदी तसंच."

मी बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन सहाही वाटा दोन स्पीकरमध्ये एकत्र करायला सांगितलं. म्हातारा एकदम खणखणीत बोलू लागला. मामीने टाळी वाजवली. मी पिशवी आवरायला घेतली, आणि म्हाताऱ्याच्या बोलण्याखालून कुणीतरी हळूच म्हणालं,

"म्हातारा खुर्चीवर बसतोय. शाल पिवळी... पिवळी नाही, जुन्या कागदासारखी."

मामीचा हात हवेतच राहिला.

"हे आहेत," ती म्हणाली.

मलाही भरून आलं. मामांनी जाण्याआधी तिच्यासाठी सगळी चित्रं सांगून मागच्या वाटांत भरून ठेवली असणार. डिस्क उतरवतानाच केलं असेल. एवढं केलं आणि कुणाला बोलले नाहीत. मामी डोळे पुसत, हसत ऐकत होती. "बघ," म्हणाली, "आता मला तुमच्याकडे यायची काय गरज? माझं माणूस घरीच आहे."

मी सिनेमा चालू ठेवला आणि मामांचा आवाज वेगळा काढून मामीला फोनवर द्यावा म्हणून तीच फाइल माझ्या लॅपटॉपवर घेतली. हेडफोन लावून एकेक वाट ऐकली. मधल्या वाटेत म्हातारा होता. मागच्या दोन्हींत वारा आणि दूरवर एक कुत्रं. शाल नाही, खुर्ची नाही. पुन्हा ऐकलं. मामा कुठेच नव्हते.

मी हेडफोन काढला.

"हेडफोन काढला," टीव्हीतून मामा म्हणाले. "टेबलाशीच बसलाय. शर्ट हिरवा... हिरवा नाही, शेवाळलेल्या भिंतीसारखा."

पडद्यावर दोन घोडेस्वार माळावरून चालले होते. मी माझ्या शर्टाकडे पाहिलं.

"हिरवा घातलायस का रे?" मामीने कौतुकाने विचारलं.

धंद्याच्या सवयीने हात चालू लागले. लॅपटॉपचं वायफाय बंद केलं. फोन बंद केला. कुठला तरी माइक, कुठला तरी रेडिओ... खोलीत तसलं काहीच नव्हतं.

"त्याच्या मागे ती उभी आहे," मामा म्हणाले. आवाज साधाच, सिनेमा सांगताना असायचा तसा. "कोट राखाडी. ओला आहे. बाहीतून पाणी गळतंय. तोंड भिंतीकडे आहे."

मामीने माझ्याकडे मान वळवली. "अरे, बाईंना उभं काय ठेवलंयस मघापासून? खुर्ची दे की."

"मामी... मी एकटाच आलोय."

अंध माणसं ऐकताना जशी मान किंचित तिरकी करतात, तशी तिने केली.

"मग दारातून आत आलास," तिने अगदी हळू विचारलं, "तेव्हा पावलं दोघांची कशी होती?"

मागे वळून पाहिलं का, असं तुम्ही विचाराल. नाही पाहिलं. माझी मान लाकडासारखी झाली होती. खोलीत एक वास आला, बंद ट्रंकेत ओली लोकर राहून गेली तर येतो तसा.

"आता वळतेय," मामा म्हणाले. "चेहरा... चेहरा नाही..."

मी वायर धरून भिंतीतून उपटली. टीव्ही, बॉक्स, सगळं एका दमात गेलं. मग मात्र मी वळलो. मागे भिंत होती, कॅलेंडर होतं, आणि कोरडी ठणठणीत फरशी.

मामी उठली. जी बाई वर्षभर कुणाचं ऐकत नव्हती, तिने कपाट चाचपून दोन लुगडी काढली, औषधांची डबी घेतली आणि म्हणाली, "चल. येते मी."

मी कुलूप लावलं, तिला गाडीत पुढे बसवलं. वाटेत गर्दी होती, भाजीवाले ओरडत होते, शाळा सुटली होती. इतक्या माणसांत मला जरा धीर आला. स्वतःलाच समजावू लागलो, की मामांनी आजारपणात काहीबाही बोलून ठेवलं असेल आणि शर्टाचा योगायोग असेल.

घरासमोर गाडी थांबवली. मामी उतरायचं नाव घेईना.

"तू वायर ओढलीस ना," ती म्हणाली, "तेव्हा हे आणखी काहीतरी म्हणत होते. तुझ्या धांदलीत तुला ऐकू आलं नसेल."

"काय म्हणत होते?"

"'दार लावून घ्या' म्हणाले. दार ती बाहेर गेल्यावर लावायचं, की ती आत असतानाच, ते सांगणार तेवढ्यात तू बंद केलंस."

समोर आई आमची वाट पाहत उंबऱ्यात उभी होती. तिने दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडून ठेवल्या होत्या.