हिरवा ठिपका

भुताच्या गोष्टी अमावस्येला, मध्यरात्री घडतात म्हणे. ही दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी घडली. लख्ख उन्हात, तासगावात, गेल्या वर्षीच्या मार्चमधल्या एका गुरुवारी. खोटं वाटलं तर वाटू दे. मयूरी माझी मावसबहीण आहे आणि खरं बोलून चार माणसं तोडलेली बाई आहे. मोठं खोटं ती एकदाच बोलली. तिथूनच हे सुरू झालं.

मयूरी साताऱ्यात एका शाळेच्या ऑफिसात कामाला. तिचे वडील नानासो, म्हणजे आमचे नाना, तासगावात एकटे. आई जाऊन सहा वर्षं झालेली. द्राक्षबाग पुतण्या धनाजी बघायचा आणि नाना बेदाण्याच्या शेडच्या सावलीत बेदाणा निवडत बसायचे. चांगला पोत्यावर, डागी ॲल्युमिनियमच्या, जर्मनच्या ताटात.

टक्...

टक्...

दिवसभर तोच आवाज.

नानांना स्मार्टफोन घेऊन दिला तेव्हा मयूरीनं शंभरदा बजावलं होतं. "आवं नाना, कुणीबी फोन करून ॲप घ्या म्हणलं तर घ्यायचं न्हाई. आलेला नंबर कुणाला सांगायचा न्हाई. लांब बसून लोक आपला मोबाईल चालवत्यात."

"माझ्या मोबाईलात काय बघणार हायत ती? बेदाणं?" म्हणून नाना हसले.

पण ऐकलं त्यांनी. परक्याला कधी दाद दिली नाही.

घरच्यांपासूनही जपायचं असतं, हे त्यांना कोण सांगणार?

दिवाळीत नाना आंघोळीला गेले असताना मयूरीनंच त्यांच्या मोबाईलमध्ये तसलं ॲप टाकलं. साताऱ्यात बसून त्यांचा कॅमेरा उघडायचा, आवाज ऐकायचा. त्यांना विचारायची गरजच नाही. तिचा हेतू वाईट नव्हता. नाना दुपारची गोळी चुकवायचे आणि विचारलं की बेधडक "घेतली" म्हणायचे. तरी चोरी ती चोरीच. बापाच्या घराची दुसरी किल्ली तिनं गुपचूप करून घेतली होती.

आठ दिवसांत नानांचा फोन आला.

"मयू, मोबाईलच्या कोपऱ्यात मधनंच हिरवा ठिपका येतोय गं. काय हाय त्ये?"

कॅमेरा चालू झाला की तो येतो. मयूरीला माहीत होतं.

"काय न्हाई नाना. चार्जिंगचं असतंय त्ये."

"व्हय? बरं, बरं."

हेच ते खोटं.

आता तो गुरुवार. ऑफिसात काम नव्हतं. तीनच्या सुमारास तिनं सवयीनं नानांचा कॅमेरा उघडला. मोबाईल नेहमीसारखा तांब्याला टेकवलेला. समोर नाना, पोतं, ताट. आणि डबीच्या झाकणात तशीच पडलेली गोळी.

तिचं डोकं सणकलं. फोन लावायला बोट गेलं...

आणि थांबलं.

"तुला कसं कळलं?" असं नाना विचारतील. मग काय सांगायचं?

तेवढ्यात नानांनी मोबाईलकडं बघितलं. हात वर केला. हलवला. थोड्या वेळानं पुन्हा हलवला. बेदाण्याच्या दिवसांत शेडमध्ये माश्या घोंघावत असतात. माशी हाकलत असतील, असं तिला वाटलं.

टक्...

टक्...

मग काहीच नाही.

नानांची मान छातीवर आली होती. मोबाईलमध्ये वेळ दिसत होती. तीन दहा. नानांना डुलकी लागली असेल म्हणून तिनं ॲप बंद केलं आणि चहाला गेली.

संध्याकाळी धनाजीचा फोन आला. नाना गेले होते.

तेराव्याला धनाजी तिच्याशेजारी येऊन बसला. "ताई, नाना त्या मोबाईलला लय जपायचं. हिरवा ठिपका आला की टोपी नीट करायचं. म्हणायचं, पोरगी बघती आता. मला म्हणलं, तिला सांगू नगंस रं, ओशाळंल बिचारी."

मयूरी उठून मागच्या दारी गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

नाना माशी हाकलत नव्हते. ते तिला बोलावत होते.

हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. सांगायचं म्हणजे आपण चोरून बघत होतो, हेही सांगावं लागणार.

महिन्याभरानं ऑफिसात, टेबलावर पडलेल्या तिच्या स्वतःच्या मोबाईलच्या कोपऱ्यात...

हिरवा ठिपका आला.

कॅमेरा तिनं उघडलेला नव्हता. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

आणि अगदी बारीक...

टक्...

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

ती मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदार अनीशनं एकूण एक ॲप तपासलं. कॅमेऱ्याची, माईकची परवानगी काढली. पासवर्ड बदलले. शेवटी सगळं पुसून मोबाईल कोरा केला. "मॅडम, आता बाहेरनं कुणी शिरणार नाही. तरी भीती वाटत असली तर कॅमेऱ्यावर हे स्टिकर लावा."

दुसऱ्या दिवशी तीन दहाला ठिपका आला.

स्टिकर पर्समध्येच राहिलं. ते चिकटवायला तिचा हात धजेना.

जुलैत एकदा ताप आला म्हणून ती घरी होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. गॅसवर दूध ठेवलं, जरा आडवी झाली आणि डोळा लागला.

मोबाईलच्या रिंगनं जाग आली.

स्क्रीनवर नाव होतं... नाना.

नानांचा मोबाईल तिच्याच कपाटात होता. बंद. सिम काढून ठेवलेलं. तिनं फोन उचलला.

पलीकडनं फक्त...

टक्... टक्... टक्...

घाईघाईनं. असं घाईनं नाना कधी बेदाणा निवडत नव्हते.

तेव्हा तिला वास आला. दूध उतू जाऊन आच विझली होती आणि घरभर गॅस पसरला होता. तिनं धडपडत जाऊन बटण फिरवलं, खिडक्या उघडल्या आणि मोबाईल पुन्हा हातात घेतला.

फोन बंद झाला होता. आलेल्या फोनच्या यादीत तो नव्हताच.

हे सगळं तिनं मला गेल्या महिन्यात सांगितलं. मी विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटतीय की," ती म्हणाली. "पण त्यांनी बघितलं आणि फोन केला गं. मी नुसतं बघितलं."

मग तिनं घड्याळाकडं पाहिलं. तीन दहा होत आले होते. उठली, मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला आणि पदर नीट केला.

ठिपका मीही पाहिला. देवाशपथ.

मयूरीनं हात वर केला आणि हलवला. थोड्या वेळानं पुन्हा हलवला.

बघणाऱ्याला वाटावं, माशी हाकलतेय.