दुसऱ्याच्या नावाची ओ

त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, पण वारा असा बोचरा की कानटोपी घालूनही कान ठणकावेत. डिसेंबरातला शेवटचा शनिवार. पोरांनो, ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो घड्याळजी माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस.

घड्याळं दुरुस्त करायचा, एकटाच राहायचा. जिवाभावाचा म्हणावा असा एकच, शाळेपासूनचा दोस्त, फोटोवाला. त्याला खाडीतल्या बेटावरच्या गोऱ्या साहेबांच्या पडक्या बंगल्यांचे आणि कोठड्यांचे फोटो हवे होते. एकट्याला धीर होईना, म्हणून त्यानं घड्याळजीला गळ घातली. दुकानातली घड्याळं काय पळून जाणारेत का, म्हणाला.

होडीत नावाड्यानं एक गोष्ट बजावून सांगितली. साहेबाच्या काळात बेटावर दगड फोडायला मजूर नेत. एका संध्याकाळी वादळाची चिन्हं दिसली आणि मुकादमाला निघायची घाई झाली. आजारी मजूर वर कोठड्यांत पडलेले. हजेरीत त्यांच्या नावांना मुकादमानंच ओ दिली. होड्या सुटल्या, आणि त्या बिचाऱ्यांना न्यायला पुन्हा कुणी गेलंच नाही. तेव्हापासून परतताना नावाडी एकेकाला हाक मारतो. ज्याची ओ त्यानंच द्यायची.

फोटोवाला हसला. "हा तर गिऱ्हाइकाच्या हाकेलाही ओ देत नाही."

दिवस मजेत गेला. उन्हं कलल्यावर साहेबाच्या बंगल्यात घड्याळजीला भिंतीतल्या जुन्या घड्याळाचा सांगाडा दिसला. बघत बसला तो बसलाच. खालून हाका ऐकू आल्या तेव्हा भानावर येऊन धावत सुटला. अर्ध्या उतारावर होता, तोच त्याचं नाव आलं.

"घड्याळजी?"

तो ओरडणार, एवढ्यात होडीतून उत्तर गेलं. "आहे."

आवाज फोटोवाल्याचा.

होडी सुटली. यानं घसा फोडला, हात हलवले. वारा उलटा. फोटोवाल्यानं एकदा मागे पाहिलं... सरळ याच्याकडे. आणि मान फिरवली.

त्याच्या शेजारची जागा रिकामी नव्हती.

अंधार पडला. फोनला रेंज नाही. थंडीनं हाडं वाजायला लागली तसा तो एका कोठडीत शिरला. पण थंडीपेक्षा वाईट ते एकच. दोस्तानं पाहिलं होतं. पाहून मान फिरवली होती.

मग बाहेर पावलं वाजली.

प्रत्येक कोठडीपाशी थांबत, कुणीतरी हळू आवाजात नावं घेत होतं. अनोळखी, जुनी नावं. प्रत्येक नावाला आतून ओ येत होती... एका नावाला मात्र आली नाही. पुन्हा हाक. पुन्हा काहीच नाही.

पावलं पुढे आली. याच्या दाराशी थांबली.

"घड्याळजी?"

त्यानं रुमाल तोंडात कोंबला.

"...घड्याळजी?"

उजाडेपर्यंत त्यानं श्वाससुद्धा जपून घेतला.

सकाळी नावाडी आला आणि त्याला बघून पांढराफटक पडला. काल होडीत माणसं पुरी भरली होती, म्हणाला. तुम्ही दोस्ताशेजारी बसला होतात, मफलर तोंडावर ओढून.

घड्याळजी तडक फोटोवाल्याच्या दुकानात गेला. तो नजर वर न करता कॅमेऱ्याची काच पुसत राहिला.

"तुझ्यासाठी थांबलो असतो तर शेवटची गाडी चुकली असती रे. सकाळी आणणारच होते ना तुला."

"तुझ्या शेजारी कोण बसलंय, एवढं तरी बघायचंस."

घड्याळजी बाहेर पडला. पुन्हा ते दुकान त्यानं पाहिलं नाही.

घरी आला तर दाराला कुलूप नव्हतं. ढकललं. आतून कडी.

शेजारच्या शिंपीणकाकू बाहेर आल्या. आधी त्याच्याकडे, मग दाराकडे बघत राहिल्या.

"अहो भाऊजी, रात्री तुम्हीच तर आत गेलात... तेव्हापासून दार उघडलंच नाही."