अडतीस प्रकाशवर्षांवरून आलेला मुकाबुवा

चित्र एकच होते आणि ते पुनःपुन्हा येत होते. तोंड नसलेली एक आकृती. तिच्या हातात अर्धवट उघडलेली झोळी. झोळीखाली पट्ट्यापट्ट्यांचे काहीतरी ल्यालेला एक लहान जीव. त्यानंतर एक कोरी चौकट. मग पुन्हा तेच चित्र आणि पुन्हा कोरी चौकट.

जतच्या माळरानावरील श्रवणकेंद्राने हा संदेश एका दूरच्या ताऱ्याकडून टिपला होता, आणि राजधानीतील तज्ज्ञ समितीने त्याचा अर्थही लावला होता. समितीत गणिती होते, भाषापंडित होते, दोन निवृत्त सेनापती होते. लहान मूल एकही नव्हते, आणि आपण कधी लहान होतो हे कोणाला आठवत असल्याची खूण अहवालात कोठेही नव्हती. अहवालाचा निष्कर्ष असा: ही धमकी आहे. झोळी हे शस्त्र आहे आणि कोरी चौकट म्हणजे आपण नष्ट झाल्यानंतरची पृथ्वी. सबब, आज संध्याकाळी सहा वाजता केंद्राचा प्रक्षेपक (संदेश अवकाशात पाठवणारे यंत्र) कायमचा बंद करण्यात यावा.

केंद्राचे प्रमुख डॉ. शिवयोगी हत्तरकी ब्याऐंशी वर्षांचे होते. विद्वानांच्या अज्ञानाशी वाद घालून ते थकले होते. दुपारी त्यांची नात गिरिजा डबा घेऊन आली, तेव्हा ते अहवाल पालथा घालून त्यावर हात ठेवून बसले होते.

"अज्जा, कालचा डबाही तसाच परत आला. आजी म्हणाली, आज समोर बसून खायला घाल."

"हा अहवाल वाचल्यावर भूक मरते, गिरिजा. तुझ्या आजीला म्हणावं, एकदा वाचून बघ."

गिरिजा अकरा वर्षांची होती. तिने डबा उघडला आणि भिंतीवरच्या चित्राकडे बघत उभी राहिली.

"अज्जा, ह्या छोट्याच्या अंगात सदरा आहे."

"समितीच्या मते ते कवच आहे."

"कवचाला कॉलर असते? आणि बाह्या दोनच? तिकडच्यांना पण दोनच हात असतात का?"

अज्जांनी मान वर केली. हा प्रश्न समितीने विचारला नव्हता. त्यांनी स्वतःही विचारला नव्हता.

कोपऱ्यात केंद्राचा यंत्रमानव उभा होता. संदेशांची उकल करणे हे त्याचे काम, म्हणून त्याला सगळे दुभाषी म्हणत.

"हे चित्र समितीने स्वच्छ करून पाठवलेले आहे," दुभाषी म्हणाला. "मूळ संदेशात आडव्या रेषा होत्या. समितीने त्यांना कचरा ठरवले."

"मूळ दाखव," अज्जा म्हणाले.

भिंतीवर मूळ चित्र उमटले. ते बारीक आडव्या ओळींनी विणलेले होते.

"ओळी सव्वासहाशे," दुभाषी सांगू लागला. "आधी पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम ओळी येतात, मग मधल्या सम ओळी. चित्र रचण्याची ही पद्धत माझ्या माहितीतील कोणत्याही चालू यंत्रात नाही."

अज्जा खुर्चीतून चित्राकडे पुढे झुकले.

"माझ्या लहानपणी होती," ते म्हणाले. "आमचा टीव्ही असंच चित्र काढायचा. आणि हा मुकाबुवा आहे."

"कोण?"

"गुरुवारी मुलांचा कार्यक्रम लागायचा. त्यात हातबाहुल्यांचा (आत हात घालून नाचवायच्या बाहुल्यांचा) एक छोटा खेळ असायचा. मुकाबुवाला तोंड नव्हतं. दिवेलागणीनंतर जी मुलं बोलतात त्यांचा आवाज तो झोळीत भरून नेतो, अशी गोष्ट. मी सहा वर्षांचा होतो. शेजारच्या माळ्यांच्या घरात आम्ही दहा-बारा पोरं दाटीवाटीनं बसून बघत होतो. त्या पट्ट्यांच्या सदऱ्यातल्या मुलावर त्यानं झोळी उघडली, आणि कार्यक्रम तुटला."

"वीज गेली?"

"वीज गेली असती तर बरं झालं असतं, वीज निदान कुणाचा मान ठेवत नाही. कुठल्याशा पुलाचं उद्घाटन होतं, ते थेट दाखवायचं होतं. व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत, अशी पाटी आली, आणि मग तासभर फीत आणि कात्री. पुढच्या गुरुवारपासून कार्यक्रमच बंद. कुणाला वाटलं नाही, की पोरांना पुढचं सांगायला हवं."

"मग तुम्ही?"

"मी दिवेलागणीनंतर बोलणं सोडलं. वर्षभर. घरच्यांना वाटलं, पोरगं शहाणं झालं."

गिरिजाला हसू आले आणि लगेच आवरले. "मग तीन आठवडे हे चित्र समोर असून ओळखलं कसं नाही?"

अज्जांना हा प्रश्न लागला. पण तो योग्य होता. "माझ्या आठवणीतला मुकाबुवा आढ्याला टेकतो. त्याची बोटं बाभळीच्या काट्यांसारखी आहेत. हा बघ, स्टुलाएवढा आहे, आणि खांद्यावर शिवण उसवलीय." ते खुर्चीत मागे टेकले. "आठवण म्हणजे कपाटातली वस्तू नव्हे, हवी तेव्हा जशीच्या तशी काढायला. मेंदू ती दर वेळी नव्यानं रचतो, आणि रचताना त्यात थोडी भर घालतो. मी त्याला शहात्तर वर्षं रचत आलोय. तिकडच्यांना तो जसा मिळाला, तसा त्यांनी परत पाठवला."

"मिळाला म्हणजे? तिकडे गेला कसा?"

अज्जांनी डब्यातून भाकरी काढली आणि तिच्या मधोमध चटणी ठेवली. "मनोऱ्यावरून टीव्हीची लहर निघायची. थोडी घरांवरच्या अँटेनात शिरायची, उरलेली आकाशात जायची. ती थांबत नाही. प्रकाशाच्याच वेगानं चालत राहते, फक्त पसरत जाते. ही चटणी एका भाकरीवर झणझणीत लागेल. अंतर दुप्पट झालं, की तीच चटणी चार भाकरींवर पसरायची. तिप्पट झालं, की नऊ. त्या ताऱ्यापर्यंत पोचताना चव जवळजवळ उरत नाही. ती चाखायची तर जीभ प्रचंड हवी; त्यांच्या तबकड्या आपल्या तालुक्याएवढ्या असतील."

"तो तारा किती लांब आहे?"

"अडतीस प्रकाशवर्षे," दुभाषी म्हणाला. "प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर तोडतो तेवढे अंतर."

गिरिजाने बोटांवर हिशेब केला. "जायला अडतीस, यायला अडतीस. शहात्तर. खेळ कुठल्या साली होता?"

"एकोणीसशे शहाऐंशी."

"आणि आता दोन हजार बासष्ट. म्हणजे बघितल्या बघितल्या त्यांनी परत पाठवलं." ती कोऱ्या चौकटीपाशी गेली. "अज्जा, ही धमकी नाहीये. ते विचारताहेत, पुढे काय झालं?"

अज्जांनी समितीच्या अध्यक्षांना दूरध्वनी केला. अध्यक्षांनी सौजन्याने ऐकले आणि मूळ कार्यक्रमाची फीत मागितली. फीत उरली नव्हती. त्या काळी जुन्या फितीवरच नवे चित्रण करीत, आणि मुलांच्या कार्यक्रमांच्या फिती सर्वांत आधी पुसल्या जात. मग तुमच्या बालपणीच्या भीतीखेरीज पुरावा नाही, असे अध्यक्ष म्हणाले. सहा वाजता मुख्यालयातूनच वीज तोडली जाईल.

अज्जांनी दूरध्वनी ठेवला. रागावण्याइतकीही शक्ती त्यांच्यात उरली नव्हती; उरली होती ती एक थंड स्पष्टता. "सहापर्यंत प्रक्षेपक माझा आहे," ते म्हणाले. "पण पाठवायचं काय? शेवट कुणालाच माहीत नाही. खेळ करणारे केव्हाच गेले."

"आपण रचू. मुकाबुवा झोळीतून लाडू काढतो."

"नाही. त्यांनी आपल्याला खरं विचारलंय. भ्यालेल्या पोराला खोटं सांगितलं, की ते त्याला बरोबर कळतं."

"मग खरं काय आहे?"

"खरं एवढंच, की तो कापडाचा होता."

"त्यांना ते माहीत आहे?"

अज्जांनी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिले. ज्यांनी बाहुला कधी पाहिलाच नाही, त्यांना तो बाहुला आहे हे कसे कळावे?

गिरिजाने पायातला शाळेचा मोजा काढला. पुसण्याच्या फडक्याची झोळी झाली. पट्ट्यांचा सदरा नव्हता, म्हणून तिने दुसऱ्या मोज्यावर खडूने पट्टे ओढले. पहिल्यावर डोळे काढले, तोंडाची जागा मोकळी सोडली.

"मुकाबुवा तुम्ही व्हा. माझा हात लहान पडतो."

तीन विद्यापीठांच्या मानद पदव्या मिळवलेला हात मोज्याच्या तोंडाशी थांबला. गिरिजाने मोजा नीट ताणून धरला. अज्जांनी हात आत घातला.

दुभाषीने जुन्या पद्धतीने, सव्वासहाशे ओळींत चित्रण सुरू केले. मुकाबुवाने मुलावर झोळी उघडली, जिथे ती शहात्तर वर्षांपूर्वी उघडली होती. मग गिरिजाच्या हातावरच्या मुलाने पुढे होऊन मुकाबुवाला खाली ओढले. मोजा निघाला. आत एका म्हाताऱ्या माणसाचा हात होता, फुगलेल्या शिरांचा, चार बोटे आणि एक अंगठा. त्याने बोटे मिटली, उघडली. गिरिजाने झोळी उलटी करून झटकली. तिच्यातून खडूची भुकटी पडली. मग तिने रिकामा मोजा दाखवला, त्यात आपला हात घातला, पुन्हा काढला. हे तिने तीनदा केले, म्हणजे समजायला उशीर लागणाऱ्यांनाही समजावे.

अज्जांनी कळ दाबली.

"निघाले," दुभाषी म्हणाला. "चंद्राच्या पुढे गेले."

"एवढ्यात?"

"चंद्रापर्यंत सव्वा सेकंद लागतो. तुम्ही चहा ठेवलात, तर तो उकळेपर्यंत सूर्य आपल्यापासून जितका दूर आहे तितक्या अंतरावर हे चित्रण पोचेल."

सहा वाजता दिवे मंदावले आणि प्रक्षेपकाचा गुंजारव थांबला. समितीच्या आदेशाचे पालन झाले होते. गेलेली लहर परत बोलावण्याचा आदेश मात्र जगातील कोणतीही समिती काढू शकत नव्हती.

अज्जा थंड झालेली भाकरी चावीत बसले. गिरिजा मोज्यांविना, अनवाणी खिडकीत उभी होती.

"एकवीसशे साली पोचेल," ती म्हणाली. "पण अज्जा, त्यांना असा हात नसेल तर? आपला हात बघूनच घाबरले तर?"

हा प्रश्नही कोणी विचारला नव्हता. अज्जांना प्रथम हसू आले, मग ते गंभीर झाले. "शक्य आहे. मग आणखी अडतीस वर्षांनी दुसरी तक्रार येईल."

"तेव्हा मी सत्त्याऐंशीची असेन."

"माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. मी काही नसेन."

"आणि प्रक्षेपक बंद असला तर?"

"तर पुन्हा सुरू करावा लागेल. समित्या बदलतात, गिरिजा. सावकाश बदलतात, पण प्रकाशाला अडतीस वर्षं लागतात; तेवढा वेळ त्यांनाही पुरावा."

गिरिजा खिडकीतून परत आली आणि निवलेल्या यंत्रासमोर उभी राहिली. त्यावर पुष्कळ कळा होत्या.

"ह्यातली कुठली आधी दाबायची?"

"सगळं बंद आहे आता."

"बंद असतानाच शिकवा. चुकलं तरी काही जाणार नाही."

अज्जांनी हात धुतले, बाकावर थोडे सरकून तिला जागा केली आणि डावीकडच्या पहिल्या कळेवर बोट ठेवले.