रानहंस पॅगोड्याचा सातवा मजला

विलासकाकांकडे मी गेले होते ती फक्त फोटो आणायला. साउथहॅम्प्टनच्या आमच्या धम्म-मंडळाच्या बैठकीत ते चीनमधल्या शीआन शहरावर बोलणार होते आणि स्लाइड्स बनवायचं काम माझ्याकडे आलं होतं. नोव्हेंबरातला शनिवार, दुपारचे तीन वाजले असतील.

काका इथल्याच हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागातून रिटायर झालेले. सुमनकाकू २०१८ मध्ये गेल्या. मी या गावात आले त्यानंतर चार वर्षांनी, त्यामुळे त्यांना मी कधी पाहिलेलं नाही.

"नागपूरला पाचवीत असताना सुमनच्या पुस्तकात ह्युएन त्संगचं चित्र होतं," काका चहा ओतत म्हणाले. "पाठीवर पोथ्यांचं ओझं घेतलेलं. त्या पोथ्या ठेवायला शीआनमध्ये पॅगोडा बांधला, मोठा रानहंस पॅगोडा. तो एकदा वर चढून बघायचा, एवढंच मागायची. मी म्हणायचो, नेक्स्ट इयर. बावीस वर्षं म्हणालो."

काकू गेल्यावर पुढच्या वसंतात ते एकटेच शीआनला जाऊन आले. बघितलेलं सगळं काकूंना सांगत फिरले, फोनवर रेकॉर्ड करत.

फोटो बघता बघता आम्ही तेही माझ्या लॅपटॉपवर ऐकत होतो. काकांचा सहा वर्षांपूर्वीचा आवाज, मागे बसचे हॉर्न. "सुमन, हे घंटाघर. गावाच्या अगदी मधोमध. चारी मोठे रस्ते याच्या पायाशी येतात." मग मशीद. "घुमट नाही गं हिला. कौलारू छपरं, एकामागे एक अंगणं, आणि इतकी शांतता की चिमण्या ऐकू येतात." मग शहराच्या जुन्या तटावरून सायकल चालवताना लागलेली धाप. "तुला हसू येईल. साठीत सायकल!" मला ते शहर बघितल्यासारखं वाटायला लागलं. काका मान खाली घालून हसत होते.

शेवटची एक फाइल राहिली.

"ही मी कधी ऐकली नाही," ते म्हणाले. "पॅगोड्याची आहे. सात मजले. चौथ्यावर गुडघ्याने दगा दिला. तिथेच बसून रडलो आणि खाली आलो. वर गेलोच नाही मी, मृणाल. तू आहेस तर... लाव आज."

मी लावली.

लाकडी जिना करकरत होता. काठीचा ठक आवाज, मग श्वास, मग पुन्हा काठी. "सुमन, चौथा मजला. सॉरी... यापुढे नाही होत." बसल्याचा आवाज आला, आणि मग रडणं. मी लॅपटॉपकडे हात नेला, पण काकांनी खुणेने थांबवलं.

जिना पुन्हा करकरला.

यावेळी काठी नव्हती. पावलं हलकी होती, न थांबता वर जाणारी. आणि काकांचं रडणं... ते हळूहळू लांब जायला लागलं. खाली राहायला लागलं.

"मी हललो नव्हतो," काका पुटपुटले. "फोन माझ्या खिशात होता."

रडणं ऐकू येईनासं झालं. आता नुसता वारा. जुन्या लाकडाचा, उदबत्तीचा वास खोलीत आला, की मला तसा भास झाला, सांगता येत नाही. मग एक बाई बोलली. दमलेली, पण खूश.

"अहो... आले हं मी वर. चारी बाजूंना खिडक्या आहेत. रस्ता किती सरळ गेलाय! तो तट असेल ना, धुक्यात?"

काकांनी दोन्ही हात तोंडावर धरले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मलाही रडू येत होतं, आणि त्या क्षणी भीती अजिबात नव्हती. बावीस वर्षांनी का होईना, काकू वर पोहोचल्या होत्या.

बाहेर साडेचारलाच काळोख पडला होता, आमच्या लक्षात आलं नव्हतं. काकांचा चेहराही मला नीट दिसत नव्हता.

"अहो," लॅपटॉपमधून ती म्हणाली, "दिवा लावा ना. पोरीला अंधारात काय बसवलंय?"

"लावतो गं," काका सवयीने म्हणाले आणि उठले. कोपऱ्यातला दिवा लागला.

वारा थांबला. आवाज एकदम जवळून आला.

"हं. आता दिसली."

मी लॅपटॉपचं झाकण आपटून बंद केलं.

"बंद का केलंस?" काकांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. मी लॅपटॉप बॅगेत भरला.

बैठकीत त्यांनी फोटोच दाखवले. घंटाघर, मशीद, तट. सगळ्यांना आवडले. ती फाइल अजून माझ्याकडेच आहे. मी ती पुसलेली नाही. काकांसाठी पुसवत नाही. आम्ही जिथे थांबलो, त्याच्यापुढे अजून अकरा मिनिटं शिल्लक आहेत.